सोसायटीतल्या काकांना डिमेन्शिया आहे, शेजाऱ्यांनी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काका भलत्याच मजल्यावर जाऊन बेल वाजवतात, "घरच्यांनी त्यांना कुलूप लावून ठेवावं" असं काही जण म्हणतात, तर सोसायटीने काय करावं? माझ्या सासूबाईंना हाच, स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाण्याचा आजार आहे. आम्ही ठाण्यात एका मोठ्या सोसायटीत राहतो, त्यामुळे तिथल्या अनुभवावरून सांगते.

कुलपाचा विषय आधी संपवू. कोंडलेलं माणूस जास्त बिथरतं, दार बडवत बसतं, आणि घरात कोणी नसताना आग लागली तर काय? काका त्रास द्यायला बेल वाजवत नाहीत. आपल्या इमारतींत सगळे मजले डिट्टो सारखे असतात, तेच दार, तीच ट्यूबलाइट. धडधाकट माणूससुद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून चुकीच्या मजल्यावर उतरतो. मजल्यांच्या भिंतींना वेगवेगळा रंग द्या, आकडा हातभर मोठा रंगवा. काकांच्या दारावर त्यांच्या जुन्या घराची पाटी असेल तर तीच लावायला सांगा; नवं विसरलं तरी जुनं बऱ्याचदा टिकतं. दारातलं काळं पायपुसणं मात्र काढा, काहींना ते खड्ड्यासारखं दिसतं आणि पाय पुढे पडत नाही. लिफ्टच्या आरशात "कोणीतरी उभंय" म्हणून आमच्या सासूबाई आत जायलाच तयार नसायच्या. आम्ही आरशावर कागद चिकटवला.

खरं काम मात्र माणसांचं आहे, आणि तीही मोजकीच: वॉचमन, वाणी, इस्त्रीवाला, नाक्यावरचे रिक्षावाले. सासूबाई शिक्षिका होत्या. दुपारी पर्स घेऊन गेटवर येतात, "शाळेला उशीर होतोय." आमचा वॉचमन "आजी, तुम्ही रिटायर झालात" असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, "बाई, ऊन फार आहे, जरा बसा, रिक्षा बोलावतो." खुर्ची देतो, पाणी देतो, इंटरकॉमवर मला कळवतो. पाच मिनिटांत शाळा मागे पडते आणि त्या त्याच्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी करत बसतात. वाण्याकडून त्या पुन्हा पुन्हा साखर आणतात. तो निमूटपणे देतो, वहीत टिपतो, संध्याकाळी मी न फोडलेला पुडा परत करते. यात कोणाचाही पैसा गेलेला नाही. एकच अडचण, एजन्सी वॉचमन बदलत राहते, म्हणून प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

शेजाऱ्यांना एकच विनंती करा: "ओळखलंत का मला? सांगा बरं मी कोण?" हे बंद. आपल्याला ते प्रेमाचं वाटतं, पण समोरच्याची ती तोंडी परीक्षा असते आणि नापास होणार हे त्यालाही जाणवतं. सरळ म्हणा, "काका, मी बी विंगमधला अमुक."

हे काही जगावेगळं नाही. जपानने २००५ पासून सामान्य नागरिकांना दीड तासाचं साधं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि तिथे आता एक कोटीहून जास्त लोकांनी ते घेतलंय. बेल्जियममधल्या ब्रुज शहरात अशी समज असलेली दुकानं गाठ मारलेल्या रुमालाचं चिन्ह लावतात. आपल्या बायका आठवणीसाठी पदराला गाठ मारायच्या, तसंच. भारतात ६० वर्षांवरच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. म्हणजे तुमच्याकडे साठीपुढचे पन्नास जण असतील तर हिशेबाने तीन-चार घरं निघतील. तक्रार करणाऱ्यांना हा हिशेब जरूर ऐकवा.

गणपतीत काकांना आरतीला बोलवा, फक्त स्पीकरपासून लांब बसवा. इतर काही आठवत नसलेली माणसं आरत्या धडाधड म्हणतात.

ते कधी हरवले तर वाट बघत बसू नका, लगेच पोलिसांना कळवा आणि त्यांचं जुनं ऑफिस, जुनं घर, स्टेशन आधी बघा. सवयीचे पाय तिकडेच वळतात. खिशात नाव आणि घरच्यांचा नंबर असलेली चिठ्ठी असू दे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

आणि हे सगळं करण्याआधी काकूंशी बोला. त्यांना न विचारता सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा फोटो टाकलात, तर त्या उद्यापासून काकांना खाली आणणंच बंद करतील.