रोज मोडणारा निश्चय

“ताई, रोज सकाळी ठरवतो की आज हिला सांगायचंच. संध्याकाळी घरात पाय टाकला की जीभच उचलत नाही. माझ्यात निर्धार म्हणून नाहीच.”

ही तक्रार घेऊन पुष्कळ जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. कुणाचा निश्चय दारूचा असतो, कुणाचा अभ्यासाचा. हे गृहस्थ चाळिशीचे, जन्म वडोदऱ्यातलाच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कारखान्यातली नोकरी सुटून 5 आठवडे झाले होते आणि घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचे, दिवसभर कमाटीबागेत बसायचे. डबा साडेदहालाच संपायचा, दुसरं करायला काही नसायचं म्हणून. रात्री बायको विचारायची, “भाजी बरी झाली होती ना?” हे सांगताना ते रडले.

जीव नकोसा वाटतो का, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. झोप मात्र उडाली होती.

घर बौद्ध. म्हणाले, “बाबासाहेबांनी त्याच बागेत अस्पृश्यता संपवायचा संकल्प केला. मी तिथं बसून खोटं काय बोलायचं ते ठरवतो.”

23 सप्टेंबर 1917 चा तो संकल्पदिन ते स्वतःला मारायची काठी म्हणून वापरत होते. मला ते बघवेना. मी त्यांना त्या दिवसाची आठवण दिली. पारशी उतारगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलेलं, ओळखीच्या दोघांकडेही आसरा नाही, मुंबईची गाडी रात्रीची. मधले जवळपास 5 तास बाबासाहेब त्या बागेत बसून होते, आणि पोरक्या मुलाला यावी तशी त्यांना आईवडिलांची आठवण येत होती. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. महाडचा सत्याग्रह 1927 चा, म्हणजे मध्ये 10 वर्षं. हे गृहस्थ गप्प बसून ऐकत होते.

मग मी विचारलं, “पंचशील म्हणता ना? चौथं म्हणून दाखवा.”

“मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि.”

यातला ‘सिक्खापद’ शब्द मला फार मोलाचा वाटतो. शिकण्याचा नियम, इथं खोटं न बोलण्याचा. ‘समादियामि’, मी तो स्वीकारतो. एकदाच स्वीकारून भागलं असतं, तर प्रत्येक वंदनेत पुन्हा कशाला म्हटलं असतं? काल मोडला तरी आज पुन्हा घ्यायची सोय त्या शब्दांतच आहे. बौद्ध साधनेत जोपासायच्या दहा गुणांमधलं, म्हणजे पारमितांमधलं, अधिष्ठान (दृढनिश्चय) हेही मी असंच समजते: पाय रोवून उभं राहण्याची जागा. वाईट दिवसांत ती जागा वीतभरच असू द्यावी, सगळ्यात खचलेल्या दिवशीही तिच्यावर उभं राहता आलं पाहिजे. ‘आज सगळं सांगून मोकळं व्हायचं’ हा निश्चय त्यांच्यासाठी फारच मोठा होता.

म्हणून आम्ही तो लहान केला. सांगायचं ओझं तूर्त बाजूला. फक्त आज नवं खोटं बोलायचं नाही. “काम कसं झालं?” असं विचारलं तर “नेहमीसारखंच” म्हणायचं नाही, गप्प राहिलं तरी चालेल. आणि बागेत रोज 10 मिनिटं डोळे मिटून, न हलता बसायचं. विपश्यना शिबिरात अधिष्ठानाची बैठक तासाची असते, यांना 10 मिनिटंच पुरे होती. पळून जावंसं वाटण्याची लाट छातीत कशी चढते आणि न उठताही कशी ओसरते, एवढंच बघायचं.

पहिल्या दिवशी मोडलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या रात्री ते गप्प राहिले. बायको हात पुसत समोर येऊन बसली, “काय झालंय?” लाट चढली. ते उठले नाहीत.

ती चिडली, 4 दिवस बोलली नाही. नोकरीपेक्षा 5 आठवड्यांचा राग मोठा होता, आणि तो रास्तच होता.

नोकरी अजून मिळालेली नाही. पुढच्या गुरुवारी दोघं येणार आहेत. वेळ तिनं स्वतः फोन करून घेतली.