1901 ची लीग एका रात्रीत 1930 ला नेऊ नका

तुमची अडचण समजली. आउट ऑफ द पार्क बेसबॉल या टीम चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये 1901 पासून काल्पनिक खेळाडूंची लीग काढलीत, एका रात्रीत सिम करून, म्हणजे मॅच न खेळता कॉम्प्युटरला भराभर पुढे न्यायला लावून, 1930 गाठलंत, आणि आता रेकॉर्डच्या यादीतलं एकही नाव ओळखीचं वाटत नाही. वर 1905 मध्येच, होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) विरळ होते त्या काळात, कुणीतरी 40 मारून बसलाय. नव्याने सुरू करू का, विचारताय. करा.

होमरनचं सोपं आहे. वर्ष 1901 टाकलं तरी लीगचे आकडे आजच्या काळाचे राहू शकतात. ते दर सीझनला खऱ्या मेजर लीगप्रमाणे (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा) बदलतायत ना, हे सेटिंगमध्ये वेगळं बघावं लागतं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, कसे वापरायचे तेही. मी हे विसरलो होतो, तर माझ्या 1904 मध्ये नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला थाटात क्लोजर यायचा, फक्त मॅच संपवण्यापुरता येणारा आजच्या काळातला पिचर! खऱ्या 1904 मध्ये जॅक चेस्ब्रोने 41 मॅच जिंकल्या आणि 48 मॅच एकट्याने शेवटपर्यंत टाकल्या. हे जमलं की बंट (चेंडू हलकेच जवळ टाकणं), ट्रिपल (एका फटक्यात तिसरा बेस गाठणं), बेस चोरणं (फटका नसताना पुढच्या बेसवर पळणं), सगळ्याला किंमत येते. मग 1920 उजाडतं. बेब रूथ हा बॅटर आदल्या वर्षीच्या 29 होमरनवरून 54 वर गेला ते हेच साल. तुमच्याकडचाही एखादा दांडगा तेव्हाच उठून दिसेल.

नावं लक्षात न राहण्याचं खरं कारण मात्र फ्री एजन्सी, म्हणजे करार संपला की खेळाडूने हव्या त्या टीमकडे जाणं. ती 1976 पर्यंत बंद ठेवा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची टीमनी पाळीपाळीने निवड) 1965 पर्यंत. जुन्या काळी मालकाने विकल्याशिवाय किंवा सोडल्याशिवाय खेळाडू हलत नसे. अन्यायच होता तो, पण त्यामुळे एकच चेहरा पंधरा वर्षं एकाच गावात दिसतो. टीम 16 पुरेत, आणि 1955 पर्यंत सेंट लुईसच्या (अमेरिकेच्या मध्यावरचं शहर) पश्चिमेला एकही नको. मंडळी रेल्वेने फिरतायत. रंगभेद तेवढा मी मुद्दाम ठेवत नाही. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगमध्ये यायला 1947 पर्यंत थांबावं लागलं, माझ्या लीगमध्ये पहिल्या दिवसापासून सगळे खेळतात.

आणि वेग कमी करा. एक गाव धरा, त्याचा सप्टेंबर रोजच्या रोज खेळा, बाकी खुशाल सिम. सीझनला वहीचं एक पान. माझ्या टोलेडोच्या डावखुऱ्या पिचरचा खांदा चोविसाव्या वर्षी गेला. कमिशनर मोडमधून, म्हणजे गेममधलं काहीही हाताने बदलता येतं त्या सोयीतून, दुखापत पुसता आली असती. माउस तिथवर नेलाही होता. नाही पुसली. त्या पानावर नुसती तारीख आहे, पण सगळ्या वहीत मला तेवढंच पान न उघडता आठवतं.

1968 ला बॅटिंग पार झोपली तर सेटिंगला हात लावू नका. खऱ्या अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) अव्वल बॅटर त्या साली जेमतेम .301 वर, म्हणजे हजार संधींत 301 यशस्वी फटक्यांवर, होता. पुढच्या वर्षी बॅटरना मदत म्हणून माऊंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) 15 इंचांवरून 10 वर आणला, तसं तुमच्याही आकड्यांत दिसेल.