डॉक्टर, एक विचारायचंय : रात्री दीडला उठवणारं डोकं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. माझे मिस्टर ४१ वर्षांचे. दरवर्षी ऑक्टोबर छाटणी झाली की महिना-दीड महिना त्यांचं डोकं धरतं, ते पण फक्त उजव्या बाजूला, डोळ्याच्या मागं. रात्री बरोब्बर दीडच्या आसपास उठतात, तो डोळा लाल होतो, पाणी गळतं, त्याच बाजूचं नाक वाहतं, आणि मग अंगणात येरझाऱ्या, भिंतीवर डोकं आपटतात. म्हणतात तापलेली सळई खुपसल्यासारखं होतंय. तासाभरानं आपोआप थांबतं. सायनसची औषधं झाली, चष्मा बदलला, एक दाढ पण काढली. बागेच्या फवारणीमुळं होतंय असं सगळे म्हणतात. आता मिरजेच्या डॉक्टरांनी क्लस्टर हेडेक आहे म्हणून सांगितलं, बीपीची गोळी दिली आणि घरी ऑक्सिजन ठेवा म्हणाले. ह्यांना बीपी नाही. आणि सासूबाई सिलिंडर घरात आणू देत नाहीत, म्हणतात तो शेवटच्या माणसाला लावतात. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलंय, आणि तुम्ही लिहिलंय पण इतकं नीट की निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. अर्धशिशीचा पेशंट अंधार करून गप पडून राहतो, त्याला हललं तरी त्रास होतो. क्लस्टरवाला पडूच शकत नाही, तो फिरतो, आपटतो, ओरडतो. एकच बाजू, १५ मिनिटं ते ३ तास, दिवसाआड एक ते दिवसाला ८ पर्यंत ठणके, त्याच बाजूचा डोळा-नाक वाहणं, कधी पापणी खाली येणं, हे सगळं ह्याच आजाराचं. साधारण हजारात एकाला होतो, म्हणून बऱ्याच जणांनी पाहिलेला नसतो आणि दाढा निघत राहतात. एकदा मेंदूचा एमआरआय करून घ्या, त्यात मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी पण बघायला सांगा, कारण क्वचित तिथली गाठ असंच दुखणं देते.

फवारणीचं म्हणाल तर तो बिचारा डाउनी बुरशीच्या फवारणीचा पंप उगाच बदनाम झालाय. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, शरीराचं घड्याळ तिथं चालतं, आणि ठणका चालू असताना तोच भाग जागा होतो हे १९९८ साली स्कॅनवर दिसलेलं आहे. म्हणून तर रात्रीची तीच वेळ आणि वर्षातला तोच सीझन. छाटणी आणि दुखणं एकाच महिन्यात येतात एवढंच. हां, उग्र वासानं काहींचा ठणका सुरू होतो, त्यामुळं त्या दिवसांत फवारणी गड्याकडं दिली तर बिघडत नाही.

आता ऑक्सिजन. सासूबाईंचं मला कळतं, कोविडमध्ये आपण सगळ्यांनी जे बघितलं त्यानंतर दारात सिलिंडर उतरला की गल्ली कुजबुजणारच. पण त्यांना एवढं सांगा की इथं ऑक्सिजन श्वास कमी पडतोय म्हणून नाही, ठणका मोडायचं औषध म्हणून आहे, आणि तरुण धडधाकट माणसाला दिला जातो. २००९ साली एका चाचणीत १२ लिटरनं ऑक्सिजन दिल्यावर १५ मिनिटांत ७८ टक्के ठणक्यांना आराम पडला, साधी हवा दिली तेव्हा २० टक्क्यांना. ह्यापेक्षा सुरक्षित औषध मला तरी माहीत नाही.

फक्त तो नीट घ्यावा लागतो, आणि गडबड इथंच होते. नाकातल्या नळीनं २-४ लिटर घेऊन 'काय उपयोग नाही' म्हणणारे पेशंट मी खूप बघते. पिशवीवाला मास्क, ज्याला नॉन-रिब्रीदर म्हणतात, तोच पाहिजे, चेहऱ्याला घट्ट, आणि मिनिटाला १२ ते १५ लिटर. खुर्चीत जरा पुढं वाकून बसायचं आणि ठणका चढायच्या आत सुरू करून १५-२० मिनिटं घ्यायचा. कोविडमध्ये घेतलेलं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, चालणार नाही, ते ५ नाहीतर १० लिटर देतं आणि ते पण पूर्ण शुद्ध नाही. फ्लोमीटर, म्हणजे मिनिटाला किती लिटर जातो ते दाखवणारा, १५ पर्यंत जाणारा मागून घ्या. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, म्हणजे १२ नं दोन तास, सहा-सात ठणके. जम्बोत ७००० लिटर, तो महिनाभर पुरू शकतो, मग सारखं भरायला पळायला नको. वेल्डिंगवाल्याकडचा आणू नका, मेडिकलच घ्या, चिठ्ठी दाखवून. आणि चूल, देवघरातला दिवा, बिडी-सिगरेट ह्या सगळ्यापासून लांब, व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही, साखळीनं बांधून उभा ठेवायचा.

बीपीची गोळी म्हणजे व्हेरापामिल असणार. ती इथं बीपीसाठी नाही, ठणके येऊच नयेत म्हणून आहे. डोस हळूहळू वाढवतात, २४० मिलिग्रॅमपासून कधीकधी बीपीच्या डोसच्या कितीतरी वर जावं लागतं, म्हणून सुरू करायच्या आधी आणि प्रत्येक वाढीनंतर दहाएक दिवसांनी ईसीजी काढतात, कारण हृदयाचे ठोके मंद होऊ शकतात. हा ईसीजी चुकवू नका, 'मागच्या महिन्यात काढला की' असं चालत नाही. बद्धकोष्ठता आणि पायाला थोडी सूज येते. आणि कपाटात जुनी अर्धशिशीची प्रोप्रानोलोल असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, ती आणि ही एकत्र झाली तर हृदय जास्तच मंद होऊ शकतं.

ही गोळी लागू पडायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्या काळासाठी थोड्या दिवसांचा स्टिरॉइड कोर्स देतात नाहीतर डोक्याच्या मागं मानेजवळच्या मज्जातंतूच्या आसपास इंजेक्शन देतात, हे इंजेक्शन मला जास्त आवडतं, साखरवाल्यांना तर नक्कीच. स्टिरॉइडनं आराम पडतो म्हणून दरवर्षी मेडिकलमधून परस्पर घेत राहणं मात्र बंद, साखर, हाडं, डोळे सगळं जातं त्यात. सीझन संपला की व्हेरापामिल पण हळूहळू कमी करून बंद. पुढच्या वर्षी पहिला ठणका आला की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करायचा, दिवाळी होऊ दे मग बघू असं नाही.

साध्या पेनकिलरवर आजवर जे पैसे गेले ते गेले. गोळी पोटात विरघळून काम करेपर्यंत ठणका आपला आपण जातो आणि श्रेय गोळीला मिळतं. ऑक्सिजननं भागलं नाही तर सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं कातडीखालचं इंजेक्शन आहे, दहा-पंधरा मिनिटांत काम करतं, २४ तासांत दोनच्या वर नाही. नाकात मारायचा स्प्रे पण असतो. ठणके वर्षभर थांबतच नाहीत त्यांना लिथियम देतात, रक्तातलं प्रमाण तपासत. गॅल्कानेझुमॅब नावाचं महिन्याचं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून ह्या आजाराला मंजूर आहे, पण तुमच्या मिस्टरांचं अजून साधंच औषध नीट झालेलं नाही तर तिकडं कशाला बघायचं.

दारू त्या दीड महिन्यात पूर्ण बंद. एक पेग घेतला तरी तासाभरात ठणका येऊ शकतो, सीझन संपल्यावर तीच दारू काही करत नाही, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. दुपारची झोप पण टाळायची.

एक विचारते म्हणून राग मानू नका, ठणक्यात ते 'जीव नको झालाय' असं बोलतात का? ह्या आजारात हे नाटक नसतं. बोलत असतील तर रात्री एकटं सोडू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास.

प्रश्न : मी कराडची, वय ३४. मला पण डाव्या डोळ्यामागं असंच दुखतं, डोळ्यातून पाणी येतं, पण दहा मिनिटंच आणि दिवसातून बारा-पंधरा वेळा. ऑक्सिजननं काहीच फरक नाही. क्लस्टरच ना हे?

उत्तर : बहुतेक नाही. २ ते ३० मिनिटांचे छोटे आणि दिवसात पाचाच्या वर ठणके म्हणजे पॅरॉक्सिझमल हेमिक्रेनिया, क्लस्टरचा चुलतभाऊ म्हणा. ह्याला इंडोमेथॅसिन नावाची जुनी गोळी लागू पडते, आणि अशी पडते की दुखणं पूर्ण थांबणं हीच तपासणी. पोटाला त्रास देते म्हणून जोडीला ॲसिडिटीची गोळी लागते. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. न्यूरॉलॉजिस्टना ठणक्यांची वही दाखवा, कधी सुरू, कधी संपला, एवढं लिहिलं तरी पुरे.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितोय, वय ५७, अँजिओप्लास्टी झालीय. क्लस्टरचा त्रास जुना. पुण्याच्या मित्रानं त्याचा सुमाट्रिप्टान स्प्रे दिलाय, त्याला मस्त लागू पडतो. वापरू का?

उत्तर : नाही काका, आजच परत करा. ते रक्तवाहिन्या आकुंचन पावायला लावतं, तुमच्या हृदयाला ते चालणार नाही. तुमचं ठणका मोडायचं औषध ऑक्सिजनच, फक्त बरीच वर्षं सिगरेट ओढली असेल तर आधी फुप्फुसं तपासून घ्या. व्हेरापामिल तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण अँजिओप्लास्टीनंतर मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असते बऱ्याचदा आणि वर तासगावच्या ताईंना प्रोप्रानोलोलबद्दल सांगितलं तीच भानगड होते. तुमच्याकडं छातीत दुखण्यासाठीची सॉर्बिट्रेट गोळी असेल तर तिनं सीझनमध्ये ठणका येऊ शकतो हे खरं आहे, पण छातीत दुखलं तर डोक्याचा विचार करत बसू नका, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलीय तशी ती जिभेखाली ठेवायची आणि १०८ ला फोन लावायचा.