गाडीला कार्बन फायबरचं बॉनेट बसवावं की फायबरग्लासचं?

तुमचा प्रश्न असा आहे की मूळ बॉनेट काढून बाहेरचं बसवायचंय, तर कार्बनसाठी जास्तीचे पैसे मोजण्याइतका वजनात फरक पडतो का. मी दोन्ही वापरली आहेत, आणि माझं मत असं झालंय की बॉनेट कशाचं आहे यापेक्षा ते खालून कसं बांधलंय हे आधी बघावं.

तरी वजनाचं बोलू. काही खरेदी करण्याआधी एक लोहचुंबक घ्या आणि सध्याच्या बॉनेटला लावून बघा. चिकटला नाही तर ते बहुधा ॲल्युमिनियमचं आहे. माझदा एमएक्स-५ला तर १९८९च्या पहिल्या पिढीपासून तसंच येतं. अशा गाडीला फायबरग्लासचं बॉनेट लावून वजन फारसं उतरत नाही, कधीकधी वाढतंसुद्धा. चिकटला, म्हणजे पोलादी पत्रा असेल, तर मात्र दोन्हींपैकी कोणतंही लावलं तरी वजनात चांगलाच फरक जाणवेल.

कार्बन आणि फायबरग्लास यांच्या घनतेत फार अंतर नाही. कार्बनच्या थराची घनता घन सेंटिमीटरला १.६ ग्रॅमच्या आसपास, फायबरग्लासची १.८ ते २. पोलादाची ७.८५ आहे, त्यापुढे हे दोघे शेजारीच म्हणायचे. खरा फरक ताठपणात आहे. नेहमीच्या कार्बन तंतूचा ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), फायबरग्लासमधल्या काचतंतूचा ७२च्या जवळपास. त्यामुळे तेवढंच ताठ बॉनेट करायला काचेचे थर जास्त चढवावे लागतात आणि वजन तिथे वाढतं. २००४च्या कॉर्व्हेट झेड०६ या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या एका खास आवृत्तीला कंपनीनेच कार्बनचं बॉनेट दिलं होतं. ते नेहमीच्या, काचतंतूंच्या बॉनेटपेक्षा जेमतेम ५ किलोने हलकं होतं. तेही कारखान्याने विचारपूर्वक बनवलेलं.

बाजारात ‘कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ बॉनेटांत वरचा एकच थर कार्बनचा असतो, खाली सगळं फायबरग्लास. दिसायला सुरेख, वजनाला जवळपास फायबरग्लासच. विकणाऱ्याने तसं सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही. पण तुम्ही वजनासाठी पैसे देत असाल तर किलोत आकडा मागा, आणि थर हाताने रेझिन (थरांना धरून ठेवणारा, वाळून कडक होणारा चिकट पदार्थ) लावून बसवलेत की व्हॅक्युम लावून, म्हणजे हवा शोषून, तेही विचारा. हाताच्या कामात रेझिन जास्त राहतं. ते नुसतं वजन वाढवतं, ताकद नाही.

आता खालच्या बाजूकडे या. माझं पहिलं बॉनेट फायबरग्लासचं होतं. कुलपात अडकणारा आकडा नुसत्या थरांवर स्क्रूने बसवला होता, आत धातूची पट्टी नव्हती. मला तेव्हा ते बघायचं सुचलं नाही. काही महिन्यांनी मोठ्या रस्त्यावर पुढची कड फडफडायला लागली. गाडी बाजूला घेऊन बघितलं तर आकड्याभोवती पांढऱ्या भेगा पडल्या होत्या आणि एकटा सुरक्षेचा हूक बॉनेट धरून होता. तो सुटला असता तर समोरची काच झाकली गेली असती. अमेरिकेच्या ११३ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात, उघडल्यावर काच झाकू शकणाऱ्या बॉनेटला दुसरी अडकवण सक्तीची आहे, ती याचसाठी. म्हणून आकड्यापाशी आणि बिजागरीपाशी धातूची पट्टी थरांत गाडलेली असलीच पाहिजे. शिवाय पुढे दोन बॉनेट पिना, म्हणजे बॉनेट बाहेरून अडकवून धरणाऱ्या खुंट्या, लावा. मूळ कुलूप मात्र काढू नका, पिना त्याच्या जोडीला असतात.

कार्बन घेतलंत तर आणखी एक. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे ॲल्युमिनियम किंवा उघडं पोलाद त्याला टेकलं आणि ओल लागली की धातू झपाट्याने गंजतो. बोल्टाखाली काचतंतूचा थर किंवा प्लॅस्टिकची चकती असू द्या. फायबरग्लासला ही भानगड नाही. मूळ बॉनेट गॅस स्ट्रटवर, म्हणजे गॅसच्या दाबाने लांबणाऱ्या नळ्यांवर, उचललं जात असेल तर ते स्ट्रट नव्या हलक्या बॉनेटला जास्त जोराचे होतात आणि बंद करताना त्याला पिळतात. कमी जोराचे घ्या, नाहीतर साधी दांडी लावा.

उन्हाने वरचं रेझिन पिवळं पडतं. कार्बनच्या कापडासारख्या विणीची नक्षी उघडी ठेवणार असाल तर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट (पारदर्शक लेप) हवाच, आणि काही वर्षांनी तो पुन्हा मारावा लागेल. रंगच द्यायचा असेल तर नक्षीसाठी पैसे कशाला घालवायचे? चांगलं बांधलेलं फायबरग्लास घ्या. ते तडकलं तर दुरुस्तही सहज होतं. उघड्या कार्बनला भेग गेली तर ती वीण पुन्हा तशीच जुळवणं फार कठीण. रंग देण्याआधी बॉनेट गाडीवर बसवून चारही बाजूंच्या फटी बघा. रंग लागल्यावर ते कोणी परत घेत नाही.

मागची कड उचलून इंजिन थंड करायचा विचार असेल तर सोडून द्या. काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, वेगात तिथून हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते.

एक गोष्ट मला खरंच काळजीची वाटते. मूळ पत्र्याच्या बॉनेटमध्ये ठरावीक जागी घड्या ठेवलेल्या असतात, म्हणजे समोरून धडक बसली की ते मधोमध दुमडतं आणि काचेकडे सरकत नाही. थरांचं बॉनेट वाकत नाही, तुटतं. ते कुठे तुटेल याचा विचार बनवणाऱ्याने केलाय का, हे स्पष्ट विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही आणि गाडीत रोज घरची माणसं बसणार असतील, तर मी मूळ बॉनेटच ठेवेन. माझ्याही रोजच्या गाडीला पत्राच आहे. फायबरग्लासचं, पिना लावलेलं बॉनेट फक्त ट्रॅकवर नेतो त्या गाडीला आहे.

विकणाऱ्याकडून बॉनेटच्या खालच्या बाजूचा आणि आकड्याजवळचा स्पष्ट फोटो मागवा. मिळाला तर मला पाठवा, बघून सांगतो.