पडताळणीचं कलम आधी वाच: पूर्व काँगोत जाऊ पाहणाऱ्या मुलीला पत्र

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मिळाला. दोनदा वाचला. सोबतच्या पत्रात तू विचारलंयस की संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत अर्ज करू का, आणि पूर्व काँगोच मागू का. अर्ज जरूर कर. पण त्याआधी आराखड्यात मला जे खटकलं ते लिहिते, कारण तिथे गेल्यावरही तेच तुझ्या कामी येणार आहे.

तू १९९९पासूनचे करार ओळीनं मांडलेस. लुसाका, प्रिटोरिया, आदिस अबाबा, नैरोबी, लुआंडा, वॉशिंग्टन, दोहा. प्रत्येकाखाली तारीख आहे, कोणी सह्या केल्या तेही आहे. मात्र सही झाल्यावर सैनिक खरोखर मागे गेले का हे बघायला कोणी जायचं, त्याला तिथे कोण जाऊ देणार, आणि त्यानं दिलेल्या अहवालाचं पुढे काय होणार, हे एकाही कराराखाली नाही. आपल्याकडे बांधाचा वाद मिटल्याचा कागद तालुक्याला होतो, पण मोजणी होऊन खुणेचे दगड पक्के होईपर्यंत दोघेही भाऊ रात्री शेतात चक्कर मारतात. काँगो आणि रवांडा पंचवीस वर्षं तशीच चक्कर मारत आहेत. फरक एवढाच की तिथे ती चक्कर बंदुका घेऊन होते आणि मधल्या गावांतली माणसं मरतात.

आधी दोन्ही बाजूंची भीती नीट समजून घे. आराखड्यात तू रवांडाला एका वाक्यात हल्लेखोर म्हणून मोकळी झालीस. रवांडाचं सैन्य काँगोच्या हद्दीत आहे आणि ते एम-२३ या बंडखोर गटाला बळ देतं, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं वर्षानुवर्षं पुराव्यानिशी नोंदवलंय. सुरक्षा परिषदेनं फेब्रुवारी २०२५मध्ये ठराव २७७३ एकमतानं मंजूर करून रवांडाला सैन्य मागे घ्यायला सांगितलं. त्यात शंका नाही. पण १९९४ साली रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, त्या काळात तिथल्या शांतिसेनेत वाढ करायची सोडून परिषदेनं ती २७० माणसांवर आणायचं ठरवलं, आणि मारणाऱ्यांपैकी बरेच जण निर्वासितांच्या लोंढ्यातून सीमेपलीकडच्या काँगोतल्या गोमा शहरात शिरून तिथल्या छावण्यांत पुन्हा हत्यारं जमवू लागले, हेही तितकंच खरं आहे. आजचा एफडीएलआर हा गट त्यातूनच आलेला. किगाली, म्हणजे रवांडाचं सरकार, त्याच्या नावानं सैन्य ठेवतं. किन्शासाचं, म्हणजे काँगो सरकारचं म्हणणं, आधी तुम्ही निघा. किगालीचं म्हणणं, आधी त्यांना संपवा. लुआंडातल्या वाटाघाटी अनेक महिने याच ‘आधी कोण’वर अडल्या होत्या. जून २०२५च्या वॉशिंग्टन करारातही एफडीएलआरचा बंदोबस्त आणि रवांडाची माघार या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्यात.

म्हणून म्हणते, या प्रदेशात पडताळणी करणारा माणूस हा कराराचा कणा असतो. दोन्ही बाजूंना एकाच वेळी पाऊल मागे घ्यायचं असेल तर दोघांनाही विश्वास बसेल असा तिसरा माणूस जागेवर हवा.

आता यंत्रणा बघ. ग्रेट लेक्स, म्हणजे मध्य-पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांभोवतीच्या देशांच्या परिषदेनं २०१२मध्ये गोमात एक संयुक्त पडताळणी यंत्रणा उभी केली. सदस्य देशांचे लष्करी अधिकारी एकत्र जाऊन सीमेवरच्या घटना तपासणार, अशी तिची कल्पना. कल्पना चांगलीच होती, पण ज्याच्यावर आरोप त्याचाही अधिकारी तपासणीच्या गटात असला की अहवाल किती धारदार येईल याचा विचार कर. पुढे लुआंडा प्रक्रियेत अंगोलानं पुढाकार घेतला, ऑगस्ट २०२४मध्ये युद्धबंदी लागू झाली आणि ५ नोव्हेंबर २०२४ला गोमात वाढीव पडताळणी यंत्रणेचं उद्घाटन झालं. जानेवारी २०२५च्या अखेरीस गोमा पडलं. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. ऑक्टोबर २०२५मध्ये दोहात काँगो सरकार आणि एम-२३ यांनी पुन्हा युद्धबंदीच्या देखरेखीच्या यंत्रणेवर सही केली. ४ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये काँगोचे चिसेकेदी आणि रवांडाचे कागामे या दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी सह्या केल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच एम-२३ टांगानिका सरोवराच्या काठावरच्या उविरा शहरात शिरली. तू या घटनांना ‘प्रगती’ आणि ‘पीछेहाट’ असे दोन रकाने दिलेत. ते काढून टाक. त्या जागी एकच रकाना ठेव: त्या दिवशी तिथे बघणारं कोण होतं?

एकदा मात्र हे जमलं होतं, आणि तुझ्या प्रबंधाचा निम्मा भाग त्यावर असावा असं मला वाटतं. २० नोव्हेंबर २०१२ला एम-२३नं गोमा पहिल्यांदा घेतलं. शहरात संयुक्त राष्ट्रांचे सैनिक होते, पण त्यांनी अडवलं नाही. जगभर नाचक्की झाली. त्याच्या आगेमागे आणि पुढच्या वर्षभरात चार गोष्टी घडल्या. तज्ज्ञ गटाच्या अहवालावरून अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स यांनी २०१२च्या मध्यापासूनच रवांडाची काही मदत रोखली किंवा लांबवली. २४ फेब्रुवारी २०१३ला आदिस अबाबात ११ देशांनी चौकट करारावर सह्या केल्या. त्यात शेजाऱ्यांनी ढवळाढवळ थांबवायची आणि काँगोनं स्वतःचं सैन्य, पोलीस, प्रशासन सुधारायचं अशी दुहेरी बांधिलकी होती. मार्चमध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव २०९८नं टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावी यांच्या ३,०६९ सैनिकांची हस्तक्षेप ब्रिगेड उभारली आणि तिला सशस्त्र गटांवर स्वतःहून चाल करायची मुभा दिली. चौथी गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही: काँगोच्या सैन्यानं गोमाच्या आघाडीवरचे अधिकारी बदलले आणि सैनिकांपर्यंत रसद पोचू लागली. ५ नोव्हेंबर २०१३ला एम-२३नं बंड संपल्याचं जाहीर केलं.

यात ब्रिगेडचं श्रेय सगळेच सांगतात. मी स्वतः मदत रोखण्याला जास्त मानते. बंडखोरांच्या पाठीमागचा हात सैल झाला नसता तर तीन हजार सैनिकांनी तो डोंगराळ मुलूख मोकळा केला असता, असं मला वाटत नाही. यावर तू माझ्याशी वाद घाल, पण पुरावा घेऊन घाल.

आणि मग पुढे काय झालं तेही लिही. हरलेले शेकडो बंडखोर युगांडा आणि रवांडातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं बसून राहिले. त्यांना परत आणायचं, हत्यारं काढून घ्यायची, काम द्यायचं, हे नैरोबीच्या कागदांवर होतं. ते रेंगाळलं. त्यांचा सेनापती सुलतानी माकेंगा काही वर्षांत विरुंगाच्या डोंगरात परत आला. २०२१च्या अखेरीस गटानं पुन्हा डोकं वर काढलं आणि जून २०२२मध्ये बुनागाना हे सीमेवरचं गाव घेतलं. लढाई जिंकल्यावर देणगीदारांचं लक्ष उडतं आणि छावणीतल्या माणसाचं जेवण, प्रवास, नोकरी यांचे हिशेब कुणालाच आकर्षक वाटत नाहीत. तुला जर या क्षेत्रात खरंच उपयोगी पडायचं असेल तर निःशस्त्रीकरण आणि पुनर्वसन या कंटाळवाण्या वाटणाऱ्या शाखेत जा. तिथे माणसं कमी पडतात.

आता गावाकडे येते. तुझा आराखडा राजधान्यांतच फिरतोय.

रुत्शुरूजवळच्या किवांजा गावात नोव्हेंबर २००८मध्ये सीएनडीपी या एम-२३च्या आधीच्या गटाच्या बंडखोरांनी सुमारे दीडशे माणसं मारली. शांतिसैनिकांचा तळ जवळच होता. तो आपल्या भारतीय सैनिकांचा होता आणि हे आपण भारतीयांनी मान खाली न घालता, पण न टाळता वाचायला हवं. त्यांच्याकडे माणसं थोडी होती आणि गावकऱ्यांशी बोलायला पुरेसे दुभाषी नव्हते. शेजारच्या गल्लीत काय चाललंय याची बातमी तळापर्यंत वेळेवर पोचलीच नाही. या घटनेनंतर संयुक्त राष्ट्रांच्या काँगोतल्या शांतिमोहिमेनं तळांवर स्थानिक काँगोली संपर्क सहायक नेमायला सुरुवात केली. गावोगावचे मुखिया, शिक्षक, बायकांच्या गटांच्या प्रमुख यांचे फोन नंबर या सहायकाकडे असतात आणि धोका दिसला की तिथून फोन येतो. मोहिमेतल्या सगळ्या चिलखती गाड्यांपेक्षा मला ही व्यवस्था मोलाची वाटते. मी उत्तर किवू या पूर्वेकडच्या प्रांतात मोहिमेच्या नागरी विभागात होते तेव्हा ज्या सहायकांबरोबर काम केलं, ते बाजाराच्या दिवसावर नजर ठेवायचे. कोळसा आणि घेवडा घेऊन येणाऱ्या बायका एखाद्या दिशेनं आल्याच नाहीत तर त्या रस्त्यावर कुणीतरी बसलंय, हे त्यांना लष्करी नकाशाच्या आधी कळायचं.

रेडिओ ओकापी ऐकायला आत्तापासून सुरुवात कर. फेब्रुवारी २००२मध्ये मोहीम आणि स्वित्झर्लंडची हिरोंदेल संस्था यांनी मिळून ते सुरू केलं. फ्रेंचखेरीज लिंगाला, स्वाहिली, किकोंगो आणि चिलुबातून बातम्या देतं. देश बंडखोरांमध्ये वाटला गेला होता तेव्हा सगळ्या बाजूंच्या लोकांना एकच बातमी ऐकवणारं ते केंद्र होतं. तुझं फ्रेंच चांगलं आहे. स्वाहिली शिकल्याशिवाय मात्र गोमात जाऊ नकोस. दुभाष्यामार्फत ऐकलेल्या साक्षीत भीतीच गाळली जाते.

लोकांच्या रागाची तयारी ठेव. २६ जुलै २०२२ला उत्तर किवूतल्या बुटेंबो शहरात मोहिमेविरुद्धच्या निदर्शनांत हिंसाचार झाला, त्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन भारतीय जवान आणि मोरोक्कोचा एक सैनिक मारले गेले. निदर्शकांतही माणसं दगावली. त्या जमावाला नुसतं भडकवलेला म्हणू नकोस. ज्या तरुणाच्या जन्मापासून शांतिसैनिकांच्या निळ्या टोप्या गावात आहेत आणि तरी त्याचं घर तीनदा जळलंय, त्याचा प्रश्न रास्त आहे. २००४मध्ये मोहिमेतल्या काहींनी स्थानिक मुलींचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झालं, तेही लोक विसरलेले नाहीत. मोहिमेची अडचणही समजून घे. तिचा सेनापती आदेश देतो आणि तुकडीचा प्रमुख आपल्या राजधानीला विचारतो की हे करू का. काही देशांनी आपली माणसं कुठे वापरायची नाहीत याच्या अटी आधीच घातलेल्या असतात. पैसा श्रीमंत देशांचा आणि जीव बहुतेक करून भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, टांझानिया, मलावी यांच्या माणसांचा, ही वाटणी मला कधीच पटलेली नाही.

आपल्याकडच्या किती घरांच्या भिंतींवर निळ्या टोपीतला फोटो आहे, तुला ठाऊकच आहे. १९६१च्या डिसेंबरात काटांगात लढताना पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया यांना परमवीरचक्र मिळालं, तो काँगोच. अगदी अलीकडे मेजर राधिका सेन यांनी उत्तर किवूत गावकऱ्यांशी संपर्क ठेवणारी तुकडी चालवली आणि त्याबद्दल संयुक्त राष्ट्रांचा २०२३चा पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचं काम नीट वाच. गावातल्या बायका त्यांच्या तुकडीशी बोलत होत्या, म्हणून तुकडीला माहिती मिळत होती.

खनिजांवरचं तुझं प्रकरण मला बेतानं पटलं. उत्तर किवूतल्या रुबायाच्या खाणींतून जगातलं सुमारे १५ टक्के कोल्टान, म्हणजे मोबाइलसारख्या उपकरणांत लागणारं खनिज, येतं, २०२४मध्ये एम-२३नं त्या घेतल्या आणि तिथे कर वसूल करते, हे बरोबर. पण सगळं युद्ध खनिजांसाठी आहे हे वाक्य खोड. जमिनीचे हक्क, नागरिकत्वाचा प्रश्न, उत्तर किवूतल्या मसिसी भागातले जुने वाद हे कोल्टानची किंमत वाढायच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. खनिजाच्या पोत्यावर खाणीचं लेबल लावायची योजनाही शेवटी पडताळणीचीच आहे, आणि लेबल लावणारा माणूस बंदुकीच्या सावलीत बसलेला असेल तर त्या लेबलाचं मोल किती, हे तू तपास.

एक काळजीची गोष्ट. तज्ज्ञ गटातले मायकल शार्प आणि झायदा कातालान हे दोघं मार्च २०१७मध्ये काँगोतल्याच कसाई भागात तपास करताना मारले गेले. खरं शोधायला गेलेल्या माणसाला तिथे संरक्षण मिळेलच असं नाही. आईबाबांना हे तू स्वतः सांग, माझ्याकडून कळू देऊ नकोस. त्यांना तुझ्याशी बोलायचंय, ते मला फोन करतील तेव्हा ‘तिच्याशीच बोला’ एवढंच मी सांगेन.

अर्जात काँगो पहिल्या पसंतीला लिही, पण दुसऱ्या जागी बुरुंडी किंवा युगांडा टाक. निर्वासितांच्या नोंदणीचं काम तिथे असतं आणि उविराहून आलेल्या कुटुंबांशी बोलल्यावर किवू जेवढं कळेल तेवढं गोमातल्या कार्यालयात बसून कळणार नाही. सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा २०१३चं प्रकरण आधी लिही, लुसाकाचं नंतर. स्वाहिलीच्या वर्गाचं काय ठरलं तेही कळव. पुण्यात पूर्व आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं आहेत, त्यांच्यापैकी कुणी शिकवायला तयार आहे का, मी विचारून ठेवते.

तुझी,
मावशी