दर पावसाळ्यात आम्ही झाडं लावतो, पण पुढच्या मेपर्यंत एकही उरत नाही. काय चुकत असेल?

आमचंही 4-5 वर्षं हेच चाललं होतं. सोसायटीमागच्या मुरमाड जागेत जुलैत रोपं लावायची, दिवाळीपर्यंत हिरवीगार, होळीला माना टाकलेल्या. पाणी कमी पडलं, असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा वाळलेला कडुनिंब उपटायला गेलो, तर तो अलगद हातात आला. मुळं पिशवीच्याच आकारात, शेवयांच्या गुंडाळीसारखी गोल गोल फिरलेली. बाहेरच्या मातीत एकही शिरलं नव्हतं.

तेव्हा रोप घेताना उंचीला भुलू नका. नर्सरीत वर्षानुवर्षं पडून उंच झालेल्या रोपापेक्षा गुडघ्याएवढं बरं. लावताना पिशवी ब्लेडने चिरून पूर्ण काढा आणि वेटोळं झालेली मुळं छाटा. हात धजत नाही, पण छाटाच.

खड्डे मेमध्येच घ्या, 2 फूट लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्या. मुरमात गुळगुळीत बाजूंचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडीच. पहारीने कडा खरवडा, म्हणजे मुळांना वाट मिळते. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, कच्च्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, निघते. पिशवीत रोप जेवढं खोल होतं तेवढंच लावा. कलम असेल तर जोड मातीच्या वर.

पाणी रोज तांब्या-तांब्या घालू नका, मुळं वरच राहतात. पाऊस संपला की आठवड्यातून एकदा दोन बादल्या, खोडाशी नाही, आळ्याच्या कडेकडेने. आळ्यात पालापाचोळा चार बोटं जाड पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका. हे निदान दोन-तीन उन्हाळे करायचं. वनमहोत्सव 1950 पासून जुलैत होतो, फोटोही जुलैतच निघतात. मेमधल्या बादल्यांचा फोटो कुणी काढत नाही! आम्ही आता 50 रोपं आणत नाही, 12च आणतो. तेवढ्यांनाच पाणी घालायला माणसं आहेत.

कडुनिंब, करंज, बहावा, आपटा यांतलं काहीही मुरमात चालेल.

आधाराची काठी मात्र सुती चिंधीने, सैलसर बांधा आणि वर्षाने सोडा. आमच्या एका बहाव्याला कुणीतरी तारेने बांधलं होतं. खोड जाड होत गेलं, तार आत रुतली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. वळवाच्या वाऱ्यात तो बरोबर तिथेच मोडला.