टोल्किनचं ‘हॉबिट’ एवढंसं पुस्तक, मग त्यावर तीन-तीन सिनेमे का? नुसते पैसे कमवायला?

पैसे आहेतच, नाही कशाला म्हणा! एकट्या पहिल्या भागाने शंभर कोटी डॉलर ओलांडले. मुळात ठरले होते दोनच सिनेमे. तिसरा दिग्दर्शक पीटर जॅक्सनने जाहीर केला जुलै २०१२ मध्ये, पहिला थेटरात यायला जेमतेम पाच महिने उरले असताना. टोल्किनचं १९३७ चं एकोणीस प्रकरणांचं पुस्तक, मुलांसाठी लिहिलेलं, आणि तिन्ही भागांची बेरीज जवळजवळ आठ तास.

पण ताणलं म्हणून बिघडलं, हे मला पटत नाही. मी गोव्यातल्या पेडण्याचा. आमच्याकडे जत्रेत दशावतारी नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं. आख्यान म्हणाल तर पोथीत दोन पानांचं. लिहिलेली संहिता नाही. कोणी कधी यायचं तेवढं रंगपटात ठरतं, बाकीचं नट उभ्या उभ्या रचतात. राजा-राणी एका संशयावरून अर्धा तास बोलत, आणि माझी आजी शाल गुंडाळून ते सगळं ऐकत बसायची. राक्षसाचा वध मात्र पेटी-पखवाज-झांजेच्या गजरात पाच मिनिटांत. तेव्हा ती पानाचा डबा उघडायची.

जॅक्सनलाही हे जमतं. पहिल्या भागात अंधाऱ्या गुहेत गोष्टीचा नायक बिल्बो आणि गुहेतला विचित्र प्राणी गॉलम एकमेकांना कोडी घालतात तो प्रसंग आठवा. दोनच माणसं, हरलं तर गॉलम खाणार. लांबलचक आहे, पण कोणी जागचं हलत नाही, कारण ते पुस्तकाचंच पाचवं प्रकरण आहे. आणि जादूगार गँडाल्फ मधेच गायब होऊन कुठे जातो, हे टोल्किनच्याच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या परिशिष्टांतून आणून दाखवलं, तेही माझ्या मते चालून गेलं.

फसलं ते शेवटच्या लढाईत. पुस्तकात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. टोल्किनने काही पानांत उरकलेल्या त्या लढाईवर तिसरा भाग उभा आहे! वर टॉरिएल नावाची पुस्तकात नसलेलीच बाई आणि तिचं एका बुटक्यावरचं प्रेम. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला धनुर्धारी लेगोलसही मूळ गोष्टीत नाही. बिल्बो बिचारा स्वतःच्याच गोष्टीत पाहुणा झाला.

पणजीत तो भाग बघताना माझा मावसभाऊ तलवारी निघाल्या निघाल्या झोपला आणि दिवे लागल्यावर विचारतो, “कोण जिंकलं रे?” नेमका बिल्बोसारखा.

तुम्ही अजून बघितले नसतील तर पहिला सबंध बघा, दुसऱ्यात ड्रॅगन बोलायला लागतो तिथपासून बघा. पुढचं पुस्तकात वाचा, एका संध्याकाळचं काम आहे.